बाळाचा मेंदू घडताना ‘आता पुरे’ कोण म्हणतं? (मायक्रोआरएनए)

शेवंती – सोमवार, रात्री १०:१५

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवते. सुरुवातीला ताटलीत मूळपेशी असतात, गोलसर, एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यांना वेळच्या वेळी ताजं द्रावण द्यायचं, ३७ अंशांवर ठेवायचं आणि वाट पाहायची. काही आठवड्यांनी एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं की त्यांतल्या काहींनी बारीक धागे बाहेर काढलेत. ११ वर्षं हे काम करतेय, तरी त्या सकाळी मी अजूनही शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवते.

मूळपेशीचा स्वभाव विभागत राहण्याचा. चेतापेशी मात्र एकदा झाली की पुन्हा विभागत नाही. म्हणजे धागे फुटण्याआधी पेशीला आपलं जुनं काम सोडावं लागतं. जुनी जनुकं बंद होतात हे आपण शाळेत शिकलो. पण जनुक बंद झालं तरी त्यानं आधी पाठवलेले निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए, पेशीत फिरतच असतात आणि त्यांवरून प्रथिनं बनत राहतात. हे निरोप गप्प करणारे इवलेसे रेणू म्हणजे मायक्रोआरएनए. जेमतेम २२ अक्षरांची लांबी (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतली एक कडी). एका साध्या संदेशवाहक आरएनएची लांबी हजार-दोन हजार अक्षरं असते, त्यावरून अंदाज येईल.

हे सापडले एका जंताच्या अभ्यासातून. सी. एलिगन्स हा मातीत राहणारा, १ मिलिमीटर लांबीचा जंत. त्याच्या अंगात चेतापेशी फक्त ३०२. त्याच्या काही बिघडलेल्या वाणांमध्ये वाढीच्या पायऱ्या चुकत. लिन-४ हे जनुक नसलेला जंत पहिल्याच अवस्थेतली कामं पुन्हा पुन्हा करत राहायचा. व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबाम यांनी ते जनुक चिकाटीनं शोधलं, आणि त्यातून कोणतंच प्रथिन बनत नाही असं दिसलं. बनतो तो फक्त २२ अक्षरांचा आरएनए. तिकडे गॅरी रव्हकन लिन-१४ नावाच्या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. १९९२ च्या जूनमध्ये अँब्रोस आणि रव्हकन यांनी आपापल्या अक्षरमाळा एकमेकांना कळवल्या. लिन-४ चा तो तुकडा लिन-१४ च्या निरोपाच्या शेपटीला अर्धामुर्धा जुळत होता, तोही सात ठिकाणी. डिसेंबर १९९३ मध्ये दोन्ही शोधनिबंध एकाच अंकात आले. अँब्रोस आणि रव्हकन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

आता मेंदूकडे. आपल्या चेतापेशींत एमआयआर-१२४ हा मायक्रोआरएनए प्रचंड प्रमाणात असतो. मूळपेशीत तो जवळजवळ नसतो, कारण रेस्ट नावाचं एक प्रथिन त्याच्या जनुकावर बसून त्याला बोलू देत नाही. पेशी चेतापेशी व्हायला लागली की रेस्ट ओसरतं, १२४ तयार होऊ लागतो, आणि मग तो रेस्टच्याच मदतनीस प्रथिनाचा निरोप दाबतो. म्हणजे ज्यानं त्याला दाबून ठेवलं होतं त्याचाच आधार तो काढून घेतो. त्यामुळे एकदा पारडं झुकलं की परत फिरत नाही.

२००५ मध्ये एक फार सुंदर प्रयोग झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून आलेल्या हेला पेशींमध्ये एमआयआर-१२४ सोडला. त्या पेशींचा मेंदूशी काही संबंध नाही. तरी त्यांतल्या शंभराहून अधिक जनुकांचे निरोप कमी झाले, आणि उरलेल्या निरोपांचं चित्र मेंदूच्या पेशींच्या दिशेनं सरकलं. २०११ मध्ये स्टॅनफर्डमधल्या गटानं याच्याही पुढे जाऊन माणसाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये १२४ आणि एमआयआर-९ ही जोडी घातली. त्यांतल्या काही पेशींनी चेतापेशींचं रूप घेतलं. सोबत आणखी एक-दोन जनुकं दिली तेव्हा हे प्रमाण बरंच वाढलं. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रात्री मला झोप आली नव्हती. कातडीची पेशी, आणि तिला धागे!

प्रश्न विचारा. जेवढं येतं तेवढं सांगीन.

—

दगडफूल – सोमवार, रात्री ११:०२

फार छान लिहिलंय शेवंतीताई. एक कळलं नाही. ‘अर्धामुर्धा जुळतो’ म्हणजे काय? कुलपाला किल्ली अर्धी जुळून कशी चालेल? आणि अर्धीच जुळत असेल तर ती भलत्या कुलपांनाही लागेल ना?

—

शेवंती – मंगळवार, सकाळी ७:२०

लागते! आणि तेच तर त्याचं बळ आहे.

२२ अक्षरांपैकी दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं नीट जुळली की बहुतेक वेळा काम होतं. या भागाला आम्ही बीज म्हणतो. एवढी छोटी जुळणी शेकडो वेगवेगळ्या निरोपांच्या शेपटांत सापडते. म्हणून एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर हात ठेवू शकतो, आणि एका जनुकावर अनेक मायक्रोआरएनएंचे हात असू शकतात. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जनुकांच्या शेपटांत अशा जागा उत्क्रांतीनं जपून ठेवलेल्या आहेत.

तो तयार कसा होतो तेही सांगते, पुढे लागेल. केंद्रकात आधी एक लांब आरएनए निघतो आणि त्याचा काही भाग केसांच्या आकड्यासारखा स्वतःवरच दुमडतो. हा दुमडलेला भाग ड्रोशा नावाचं एन्झाइम कापून काढतं. नेमकं कुठे कापायचं, यासाठी ड्रोशाला डीजीसीआर८ हे प्रथिन धरून राहावं लागतं. मग साधारण ७० अक्षरांचा तो आकडा केंद्रकाबाहेर येतो. तिथे डायसर त्याचं टोक छाटतं. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक अर्गोनॉट प्रथिनाच्या खोबणीत बसते, आणि अर्गोनॉट तिला घेऊन निरोप धुंडाळायला निघतं. सापडलेल्या निरोपावरून प्रथिन बनणं थांबतं आणि निरोपही लवकर झिजून जातो.

—

जुना_मास्तर – मंगळवार, सकाळी ९:४५

मी ३४ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, २००६ ला निवृत्त झालो. आमच्या पुस्तकात डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन एवढीच वाट होती. जे प्रथिन बनवत नाही ते निरुपयोगी, असं मी फळ्यावर लिहिलेलं आहे. किती मुलांच्या वह्यांत ते उतरलं असेल, याची आज हे वाचताना खंत वाटली.

माझा प्रश्न: १९९३ ला सापडलं, मग इतकी वर्षं जगाला कळलं का नाही? आणि जंताची गोष्ट माणसाला कशावरून लागू?

—

शेवंती – मंगळवार, दुपारी १:१०

सर, तेव्हाच्या माहितीवर तुम्ही बरोबरच शिकवलंत. जगभरच्या शास्त्रज्ञांनाही वाटलं की लिन-४ ही त्या एका जंताची खोड आहे, कारण इतर प्राण्यांत ते सापडेना. २००० साली रव्हकन यांच्याच गटाला दुसरा मायक्रोआरएनए मिळाला, लेट-७, आणि तो माश्या, मासे, माणूस अशा सगळ्यांत अक्षर न् अक्षर तोच निघाला. तेव्हा सगळे धावले. २००१ मध्ये ‘मायक्रोआरएनए’ हे नाव रूढ झालं.

जंत आणि माणूस यांच्यातला धागा दाखवणारं माझं आवडतं उदाहरण: जंतात लेट-७ हे लिन-४१ नावाच्या जनुकाचा निरोप दाबतं. तेच जनुक माणसात टीआरआयएम७१ या नावानं आहे आणि गर्भाच्या मेंदूच्या अगदी सुरुवातीच्या मूळपेशींत चालू असतं. २०१८ मध्ये असं दिसलं की डोक्यात पाणी साठलेल्या अवस्थेत जन्मलेल्या काही बाळांमध्ये याच जनुकात नवा बिघाड होता. मातीतल्या जंताची वाढ चुकते म्हणून कुणीतरी २५-३० वर्षांपूर्वी ज्याला नाव दिलं, ते जनुक आज बालरुग्णाच्या अहवालात येतं.

—

खाडीकाठी – मंगळवार, रात्री ८:३०

थोडी उलट बाजू मांडतो, राग नसावा. मी संगणकावर जनुकांची माहिती तपासण्याचं काम करतो. एखादा मायक्रोआरएनए काढून टाकला तर त्याच्या बहुतेक लक्ष्यांच्या प्रथिनांचं प्रमाण दुप्पटही होत नाही, फरक त्याहून किरकोळ असतो. शिवाय २००७ मध्ये सी. एलिगन्समध्ये एकेक मायक्रोआरएनए काढून पाहिले होते, तेव्हा बहुतेक वेळा जंताला वरवर काहीच झालं नाही. मग ‘मेंदू घडवतात’ म्हणणं जरा जास्त होत नाही का? याद्यांमध्येही घोळ आहे. एका मोठ्या संग्रहात माणसाचे १,९०० हून जास्त नोंदले आहेत. काटेकोरपणे तपासणाऱ्यांच्या मते खात्रीचे त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

—

शेवंती – मंगळवार, रात्री ११:५०

राग कसला, हा प्रश्न यायलाच हवा होता. याद्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. नवा मायक्रोआरएनए सापडला असं वाचलं की मीही आधी हेच पाहते की त्याचा आकडा नीट दुमडतो का आणि तो अर्गोनॉटमध्ये बसलेला सापडला का.

पण ‘किरकोळ फरक’ याचा अर्थ विकासाच्या काळात वेगळा होतो. उंदराच्या गर्भात मेंदूच्या बाहेरच्या थरातून, कॉर्टेक्समधून, डायसर काढलं, म्हणजे सगळेच मायक्रोआरएनए बनणं थांबवलं, तर सुरुवातीचे काही दिवस काही बिघडल्यासारखं दिसत नाही. आधी बनलेले रेणू टिकून असतात ना. ते संपले की चेतापेशी मरायला लागतात आणि थर पातळ होतो. सगळे मिळून ते अत्यावश्यक आहेत. एकेकटा काढल्यावर बरेचदा काही दिसत नाही, कारण एकाच बीजाचे भाऊबंद त्याची जागा घेतात. एमआयआर-१२४ चीच माणसात तीन वेगवेगळ्या जागी तीन जनुकं आहेत.

आणि एकाच गटाच्या कमतरतेनं माणसात दिसणारा परिणामही माहीत आहे. १३ व्या गुणसूत्रावर सहा मायक्रोआरएनएंची एक ओळ आहे, एमआयआर-१७ ते ९२. तिची दोनपैकी एक प्रत गेली तर मूल फाइनगोल्ड सिंड्रोमच्या दुसऱ्या प्रकारासह जन्मतं: डोकं लहान, उंची कमी, बोटांची ठेवण वेगळी. हे २०११ मध्ये कळलं. मायक्रोआरएनए नसल्यामुळे माणसाच्या वाढीत दोष येतो, याचा तो पहिला पुरावा. दुसरी प्रत शाबूत, म्हणजे रेणू निम्मे तरी असणारच, तरीही एवढा फरक. मूळपेशीनं किती वेळा विभागायचं, याचा हिशेब प्रत्येक फेरीत थोडासाच चुकला तरी अनेक फेऱ्यांनंतर तो डोक्याच्या घेरात दिसतो.

—

खाडीकाठी – बुधवार, सकाळी ८:०५

सहा मायक्रोआरएनएंची ओळ मला माहीत नव्हती. फेऱ्यांचा मुद्दा पटला. माझा आक्षेप आता ‘एकेकटा’ या शब्दापुरताच धरा.

—

तगर – बुधवार, दुपारी ३:२५

इथे मी फक्त वाचते, लिहीत नाही. पण डीजीसीआर८ हे नाव वाचलं आणि हात थांबले.

माझ्या मुलाच्या अहवालात २२क्यू११.२ डिलीशन लिहिलंय. तो ९ वर्षांचा आहे. टाळू दुभंगलेली होती, हृदयात भोक होतं, दोन्हींची शस्त्रक्रिया झाली. बोलणं उशिरा आलं. चार वर्षांचा होईपर्यंत एका ठिकाणी ‘मुलगे उशिराच बोलतात’ असंच सांगत राहिले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी ही तपासणी करायला लावली. अहवालासोबत जनुकांची यादी होती, त्यात डीजीसीआर८ होतं. विचारलं तेव्हा ‘ते तुम्हाला कळणार नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

आमच्या गावाकडे मात्र सगळ्यांना कारण माहीत आहे. मला सातवा महिना होता तेव्हा ग्रहण लागलं होतं. सासूबाईंनी आत बसायला सांगितलं होतं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मिरच्या चिरल्या. ९ वर्षं मी ते ऐकतेय. शिकलेली आहे, खरं नाही हे कळतं, पण रात्री कधीतरी मनात येतंच. म्हणून विचारते. हे नेमकं कधी आणि कशामुळे होतं?

—

शेवंती – बुधवार, रात्री ९:१०

तगर, तुमचं वाचून संध्याकाळपासून दुसरं काही सुचलं नाही. तुम्हाला नीट कळेल असं लिहिण्याचा प्रयत्न करते, कारण हे कळण्यासारखंच आहे.

आधी तारखा. टाळूचे दोन भाग जुळतात ते साधारण तिसरा महिना संपेपर्यंत. सातव्या महिन्यात काहीही केलं असतं तरी टाळूला त्याचा स्पर्शही होणं शक्य नव्हतं. ती गोष्ट चार महिने आधीच होऊन गेली होती.

पण मूळ कारण त्याच्याही आधीचं आहे. २२ व्या गुणसूत्रावर, तुमच्या अहवालातल्या २२क्यू११.२ या जागी, एका पट्ट्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखी दिसणारी लांब अक्षरमाळ आहे. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी लागतात आणि तुकड्यांची देवाणघेवाण करतात. तेव्हा टोकं सारखी असल्यामुळे कधी कधी चुकीच्या जागी जुळणी होते आणि मधला पट्टा गळून पडतो. बहुतेक मुलांत हा पट्टा सुमारे ३० लाख अक्षरांचा असतो. साधारण दहातल्या नऊ मुलांत हा बदल नव्यानंच झालेला असतो, आईवडिलांत नसतो. साधारण दर ४,००० जन्मांत एक बाळ असं असतं, जगात सगळीकडे.

आता हे लक्ष देऊन वाचा. ही चूक शुक्रपेशीत झाली असेल, तर ती गर्भ राहण्याच्या काही आठवडे आधी झाली. अंडपेशीत झाली असेल, तर ती देवाणघेवाण स्त्रीच्या अंडाशयात ती स्वतः आईच्या पोटात असतानाच होऊन जाते. म्हणजे तुमच्याही जन्माच्या आधी. तुम्ही काय खाल्लं, कुठे बसलात, काय चिरलंत, यांतलं काहीच तिथवर पोहोचत नाही.

डीजीसीआर८ बद्दल. त्या नावाचा अर्थच ‘डायजॉर्ज सिंड्रोममधला महत्त्वाचा पट्टा, आठवं जनुक’ असा आहे, आणि डायजॉर्ज हे तुमच्या मुलाच्या निदानाचंच जुनं नाव. ड्रोशाला जागा दाखवणारं प्रथिन ते हेच. तुमच्या मुलाकडे त्याची एक प्रत आहे, दोन नाहीत. त्यामुळे मायक्रोआरएनए बनतात, काही मात्र कमी. उंदरांत एकच प्रत ठेवून केलेल्या अभ्यासात (२००८) मेंदूतले काही मायक्रोआरएनए कमी झालेले आणि चेतापेशींच्या फांद्यांत व वागण्यात थोडे फरक पडलेले दिसले.

सगळं त्या एका जनुकावर टाकू नका मात्र. त्या पट्ट्यात चाळीसच्या वर जनुकं आहेत. हृदयाचा आणि टाळूचा भाग बराचसा टीबीएक्स१ या शेजारच्या जनुकाकडे जातो. कोणत्या मुलात काय किती दिसेल हे नुसत्या अहवालावरून सांगता येत नाही. एकाच घरात हाच बदल असलेल्या दोन माणसांतही खूप फरक असतो.

—

रानजाई – बुधवार, रात्री १०:३०

तगर, मिठी. माझ्या जावेलाही हेच ऐकावं लागलं होतं, तिच्या मुलीचा ओठ फाटलेला होता म्हणून.

शेवंतीताई, माझी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला एका वर्गात सांगितलं की ठरावीक संगीत ऐकलं की बाळाच्या मेंदूतली जनुकं ‘जागी’ होतात. फी भरपूर आहे. यात काही तथ्य आहे का?

—

शेवंती – गुरुवार, सकाळी ७:००

संगीत ऐकून तिला बरं वाटत असेल तर जरूर ऐकावं, घरी, फुकट. गर्भाच्या मेंदूतले मायक्रोआरएनए ठरावीक रागानं बदलतात, असं दाखवणारा कुठलाही अभ्यास मी पाहिलेला नाही.

ज्याला भक्कम पुरावा आहे ते साधं आहे: फोलिक ॲसिड, आयोडिनयुक्त मीठ, मद्य नाही, तंबाखू-मिश्री नाही, रक्तदाब-साखर वेळच्या वेळी तपासणं. फोलिक ॲसिड तर गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू करायला हवं, कारण ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती २८ व्या दिवसाच्या सुमारास मिटते. तोवर कित्येक जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

—

जुना_मास्तर – गुरुवार, सकाळी १०:२०

तगर, बेटा, ज्यानं तुला ‘कळणार नाही’ म्हटलं त्याची चूक झाली. समजावून सांगणं हे शिकवणाऱ्याचं काम असतं.

शेवंती, उंदराचं आणि जंताचं झालं. प्रत्यक्ष माणसाच्या गर्भातल्या मेंदूत हे कसं तपासणार? ताटलीतल्या पेशी म्हणजे मेंदू नव्हे.

—

शेवंती – गुरुवार, रात्री ९:४०

खरं आहे सर, ताटलीत थर नसतात, रक्तवाहिन्या नसतात. म्हणून काही गट, पालकांची संमती घेऊन, थांबलेल्या गरोदरपणातल्या ऊतींचा अभ्यास करतात. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या गटानं २०१८ मध्ये असं काम प्रसिद्ध केलं. अतिनील प्रकाश टाकून अर्गोनॉट, त्यातला मायक्रोआरएनए आणि पकडलेला निरोप हे तिन्ही जिथल्या तिथे चिकटवून टाकायचे, मग अर्गोनॉटला ओढून बाहेर काढायचं आणि हातात काय काय आलं ते वाचायचं. म्हणजे संगणकाचा अंदाज नाही, रंगेहाथ पकडलेली जोडी. त्यात दिसलं की मूळपेशींतली आणि चेतापेशींतली या जोड्यांची जाळी वेगवेगळी असतात आणि गरोदरपणाचे आठवडे सरतात तशी नव्यानं विणली जातात.

आपल्याकडेही एक मोलाचं काम झालंय. आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्रानं डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ नावाचा नकाशासंग्रह खुला केला. १४ ते २४ आठवड्यांच्या पाच गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ छेद, पेशी दिसतील इतके स्पष्ट, कुणालाही पाहता येतात. मायक्रोआरएनए त्यात दिसत नाहीत, पण मी ज्या पेशी ताटलीत वाढवते त्या खऱ्या मेंदूत कुठल्या थरात उभ्या असतात हे मी त्यातच पाहते. सर, तुम्ही नक्की पाहा. २४ आठवड्यांच्या मेंदूवर सुरकुत्या नुकत्या कुठे उमटायला लागलेल्या असतात.

—

दगडफूल – गुरुवार, रात्री १०:१५

माणसाचा मेंदू मोठा म्हणून त्याचे मायक्रोआरएनए जास्त, असं काही आहे का?

—

शेवंती – गुरुवार, रात्री १०:५५

फक्त माणसात सापडलेला एक आहे, एमआयआर-९४१ (२०१२). चिंपांझीतही नाही, आणि आपल्या मेंदूत तो असतो. पण मला जास्त आश्चर्य वाटतं ते ऑक्टोपसचं. कणा नसलेल्या प्राण्यांत त्याचा मेंदू सगळ्यांत मोठ्यांपैकी, आणि २०२२ मध्ये कळलं की त्याच्या वंशात मायक्रोआरएनएंची ४२ नवी घराणी निर्माण झाली, जी मुख्यतः चेतासंस्थेत काम करतात. आपल्यापासून ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झालेला प्राणी, आणि मोठा मेंदू घडवताना त्याच्या वंशातही हेच घडलं!

—

तगर – शुक्रवार, दुपारी ४:४०

शेवंतीताई, तुमचं उत्तर छापून आणलं आणि काल सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘टोकं सारखी असल्यामुळे चुकीच्या जागी जुळणी होते’ हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्या अजूनही स्वेटर विणतात. म्हणाल्या, ‘दोन ओळी सारख्या दिसल्या की माझीही मधली ओळ सुटते. ती सुटली हे सगळं विणून झाल्यावर कळतं.’ मग बराच वेळ मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. ग्रहणाचं काही बोलल्या नाहीत.

एक विचारायचं होतं. त्याला अधूनमधून बोटांना मुंग्या येतात म्हणतो. याचा याच्याशी संबंध असेल का? आणि पुढे त्याचं लग्न झालं, तर त्याच्या मुलांना?

—

शेवंती – शुक्रवार, संध्याकाळी ६:०५

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ओळ सुटण्याचं उदाहरण अगदी अचूक आहे, मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलींना तेच सांगणार आहे.

मुंग्यांबद्दल: थांबू नका, उद्याच बालरोगतज्ज्ञांना फोन करा. या मुलांत पॅराथायरॉइड ग्रंथी (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) कधी कधी कमी काम करतात आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मुंग्या, पेटके हे त्याचं लक्षण असू शकतं. रक्तात कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन दोन्ही तपासायला सांगा, आणि अहवालातलं निदान फोनवर आधीच सांगून ठेवा. तो आजारी असताना किंवा पुढे कुठलीही शस्त्रक्रिया असेल तेव्हाही हे तपासलं जायला हवं.

त्याच्या मुलांबद्दल: प्रत्येक वेळी हा बदल पुढे जाण्याची शक्यता निम्मी असते. तुम्हा दोघांची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही नीट सांगता येईल. हे आनुवंशिक समुपदेशकाकडे बसून बोलावं, त्या वेळी मुलाचा पूर्ण अहवाल सोबत न्या.

कॅल्शियमचा आकडा आला की इथे कळवा.

—

तगर – शनिवार, दुपारी १२:३०

सकाळी रक्त दिलंय. सोमवारी कळेल.